नांदेडचा लंगर : अन्न, आसरा आणि परतीची वाट

परक्या मुलुखात पाऊल टाकणाऱ्या मनुष्यास पहिल्याच दिवशी तीन चिंता घेरतात. आज पोटात काय पडेल, ही पहिली. रात्री पाठ कोठे टेकावयाची, ही दुसरी. आणि काम झाले किंवा फसले तर घरी परतावयाचे कसे, ही तिसरी. संपन्न प्रवासी या तिन्ही चिंता पैशाच्या जोरावर दूर करतो. गरिबाजवळ तो उपाय नसल्यामुळे त्यास कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. आणि आपल्या देशात ते दार पुष्कळदा देवाचे, पिराचे किंवा गुरूचे असते. अन्नछत्र, धर्मशाळा, मठ, मुसाफिरखाना, सराई हे शब्द निरनिराळे असले, तरी त्या सर्वांच्या मुळाशी कल्पना एकच आहे. वाटसरू हा गावात कोणाचाच नसतो. म्हणूनच तो सर्वांचा मानावयाचा, अशी ती कल्पना होय.

ही कल्पना कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. युरोपातील मध्ययुगीन मठांतून यात्रेकरूंसाठी जागा राखून ठेवीत, आणि इस्पितळ या संस्थेचा उगमही अशा अतिथिगृहांतच सापडतो. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्यप्रांतात फिरून सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांस शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकून त्यांची सोय करावी लागली, आणि त्यातूनच पुढे मुक्तिसदन उभे राहिले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक यांसारख्या क्षेत्रांत धर्मशाळा बांधल्या. शिवाय मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही बांधली. यात्रेकरू आणि रोग्याचा सोबती या दोघांनाही घरापासून दूर असण्याचे सारखेच दुःख सोसावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

या परंपरेतील एक थोर आणि आजही अखंड चालू असलेली संस्था मराठवाड्यात, गोदावरीच्या काठी नांदेड येथे आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक. त्याच्या भोवतीचे गुरुद्वारे, सराया आणि लंगर मिळून परगावच्या मनुष्याची जी व्यवस्था होते, ती कशी चालते, ती कोठवर पुरते आणि कोठे अपुरी पडते, हे समजून घेणे प्रत्येक शहरवासीयास उपयोगाचे आहे. कारण वाटसरूंचा प्रश्न आता केवळ क्षेत्रांच्या गावांचा राहिलेला नाही.

प्रथम या नगराचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस तेलंगण आणि दक्षिणेस कर्नाटकाचा बीदर जिल्हा. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके सीमेला लागून असल्याने तेथील बाजारांत मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू सहज कानी पडतात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात टाकला गेला आणि नांदेड त्या मार्गावर आले. तेव्हापासून येथे माणसांची ये-जा वाढतच गेली. या जिल्ह्यातील व शेजारच्या लातूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आणि मजूर हंगाम संपला की ऊसतोडीस, बांधकामावर, पुण्यामुंबईस किंवा हैदराबादेस जातात. आणि यात्रेकरू, रोगी, विद्यार्थी या नगरांत येतात. सीमेवरील गावाचा स्वभावच असा असतो की, तेथे एकाच वेळी कोणी निघालेला असतो आणि कोणी पोहोचलेला.

आश्रय देणे म्हणजे काय, हे या भागास जसे ठाऊक आहे, तसेच आश्रय मागणे म्हणजे काय, हेही ठाऊक आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या जुलमास कंटाळून हैदराबाद संस्थानातील अनेक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. नांदेडकडील मंडळी उमरखेड-पुसदच्या बाजूस, तर त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरकडील मंडळी बार्शी-सोलापूरच्या बाजूस वळली. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ही कुटुंबे परतू लागली. ज्यांच्या आजोबापणजोबांनी दुसऱ्याच्या गावी पथारी टाकली, त्यांच्या नातवांनी आपल्या गावी आलेल्या परक्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे निराळे सांगावयास नको.

हुजूर साहिबच्या मुळाशीही एक प्रवासच आहे. शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंगजी हे जन्माने पाटण्याचे, कर्तृत्वाने पंजाबचे. बहादुरशहा बादशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत येऊन ते १७०८ साली नांदेडास गोदावरीकाठी थांबले. येथेच माधोदास बैराग्याची त्यांच्याशी भेट झाली, आणि तोच पुढे बंदासिंग बहादुर या नावाने पंजाबात गेला. येथेच गुरूंवर प्राणघातक हल्ला झाला, येथेच त्यांनी यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरु मानावा असे सांगितले, आणि ऑक्टोबर १७०८मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. परंपरा असे सांगते की, सोबतच्या शिखांपैकी ज्यांस परत जावयाचे असेल त्यांनी जावे, परंतु भाई संतोखसिंगांनी नांदेडास राहून लंगर चालू ठेवावा, अशी त्यांची आज्ञा होती. म्हणजे ज्या थोर पुरुषाच्या नावाने ही संस्था उभी आहे, तो स्वतः या गावी परगावचा अतिथी होता. आणि जाता जाता त्याने मागे ठेवली ती एक चालती चूल.

महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील सध्याची मुख्य वास्तू बांधविली. त्याच सुमारास हैदराबादच्या राज्यात, दिवाण चंदुलाल यांच्या कारकिर्दीत, पंजाबातून शीख सैनिकांचे पथक आले व त्यातील कित्येक कुटुंबे दक्षिणेतच स्थायिक झाली. त्यांच्या वंशजांस दखनी शीख म्हणतात. घरात पंजाबी वळण, बाजारात मराठी आणि शेजाऱ्यांशी दखनी उर्दू, असा त्यांचा व्यवहार. पुढे १९५६ साली, नांदेड मुंबई राज्यात येण्याच्या आधी, हैदराबाद राज्याने गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी स्वतंत्र कायदा केला. गुरूंच्या गादीला २००८ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने नगरातील रस्ते, घाट आणि यात्रेकरूंची निवासस्थाने यांत मोठी भर पडली.

आज लंगर म्हटले की नांदेडात जे नाव प्रथम घेतले जाते, ते मात्र कोणा राजाचे किंवा दिवाणाचे नाही. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातून आलेले बाबा निधानसिंग हे गुरुद्वाऱ्यात पडेल ती सेवा करणारे एक साधे सेवक होते. श्रद्धाळू लोक असे सांगतात की, एकदा ते स्वदेशी परतण्याचा निश्चय करून रेल्वे स्थानकापर्यंत गेले. परंतु तेथे त्यांस गुरूंचा साक्षात्कार झाला आणि ते माघारी फिरले. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी लंगर सुरू केला, आणि १९४७ साली ते निवर्तले तरी चूल विझली नाही. नगीना घाटाजवळील गुरुद्वारा लंगर साहिब हे त्यांच्या त्या कार्याचेच वाढलेले रूप आहे. ज्याची स्वतःची परतीची वाट स्थानकावर थांबली, त्याने दुसऱ्यांच्या वाटेवर अन्न ठेवले.

लंगराची रीत वरवर पाहता साधी दिसते. परंतु तिच्या प्रत्येक तपशिलात काही विचार आहे. आत जाणाऱ्याने पादत्राणे काढावयाची, हातपाय धुवावयाचे आणि डोके झाकावयाचे. रुमाल नसला तर तेथेच मिळतो. मग लांबच लांब पट्ट्यांवर जमिनीवर मांडी घालून रांगेने बसावयाचे. येथे पाट नाहीत आणि उच्चासनही नाही. मोटारीतून उतरलेला व्यापारी, बाळाला घेऊन आलेली मजूर स्त्री आणि भाषा न कळणारा परप्रांतीय हे एका ओळीत बसतात. गुरु अमरदासांनी घालून दिलेल्या दंडकानुसार दर्शनास येणाऱ्याने आधी पंगतीत बसावयाचे असे. बादशहा अकबरासही या नियमातून सूट मिळाली नाही, असे परंपरा सांगते. जातिभेदाने पोखरलेल्या समाजात शेजारी बसून जेवणे हे त्या काळी केवळ अन्नदान नव्हते. ते एक मोठे सामाजिक धाडस होते.

वाढप सुरू झाले की सेवादार बादल्या घेऊन रांगेतून फिरतात. डाळ, भाजी, कधी भात, कधी खीर. पोळी घेताना दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करावयाचे असतात. तिला तेथे प्रसादा म्हणतात. या एका शब्दाने सगळा भाव पालटतो. भिक्षेकऱ्याच्या हाती पडणारी पोळी आणि भक्ताच्या हाती पडणारा प्रसाद यांत पीठ एकच असते, मीठही एकच असते. भेद असतो तो घेणाऱ्याच्या मानेत. भिक्षा घेताना मान खाली जाते. प्रसाद घेताना ती नमते खरी, परंतु शेजारी बसलेल्या धनिकाचीही नमते. उपकाराचा भार घेणाऱ्यावर पडू नये, यासाठी यापेक्षा सुबक युक्ती क्वचितच कोणी योजिली असेल.

अन्न पूर्णपणे शाकाहारी असते. त्यामागे धर्माचा प्रश्न तर आहेच, परंतु व्यवहारही आहे. हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती यांपैकी कोणासही ताटावरून उठावे लागू नये, हे त्याने साधते. मोठमोठ्या कढयांतून डाळ तासन्‌तास शिजत असते. एकीकडे कणीक मळली जाते, दुसरीकडे गोल करून बसलेले स्त्रीपुरुष पोळ्या लाटतात, आणि तिसरीकडे उष्टी ताटे राखेने वा साबणाने घासून पुन्हा पंगतीकडे जातात. या कामांस पगारी माणसे थोडी आणि स्वेच्छेने बसलेली फार. नुकताच जेवून उठलेला मनुष्यही हवे तर लाटणे हाती घेऊ शकतो. दिवसभर रांगेत बसून खाणाऱ्या वाटसरूस क्षणभर देणाऱ्यांच्या रांगेत बसण्याची ही मुभा फार मोलाची आहे; कारण आश्रिताचे सर्वांत मोठे दुःख भूक हे नसून, आपण कोणाच्याच उपयोगी नाही ही भावना हे असते.

एवढा खर्च चालतो कसा, हा प्रश्न गृहिणींच्या मनात साहजिकच येईल. शीख धर्मात आपल्या प्राप्तीचा दहावा हिस्सा धर्मकार्यास द्यावा असा संकेत आहे. त्यास दसवंध म्हणतात. जगभरच्या शिखांकडून येणारे असे दान, आलेल्या यात्रेकरूने गोलकात टाकलेले नाणे, कोणी पोचविलेली पिठाची पोती, तुपाचे डबे, डाळीच्या गोण्या, यांवर हा संसार चालतो. दात्यांची नावे पंगतीत पुकारली जात नाहीत. जेवणाऱ्यास दात्याचे नाव ठाऊक नसते आणि दात्यास जेवणाऱ्याचे. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमधील प्रवाशांस वाटेतील काही स्थानकांवर शीख मंडळी विनामूल्य अन्न पोचवितात, तेही याच रीतीने. सुमारे दोन हजार किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे एका अर्थी लांबविलेली पंगतच आहे.

येथपर्यंत पहिली चिंता मिटली. दुसऱ्या चिंतेपाशी आल्यावर मात्र रीत थोडी पालटते. भोजनगृहात प्रवेश करणाऱ्यास कोणी नाव विचारीत नाही. परंतु सराईत किंवा यात्री निवासात खोली घ्यावयाची असेल, तर नाव, गाव लिहावे लागते आणि ओळखपत्र दाखवावे लागते. मुक्कामही थोड्या दिवसांचाच अपेक्षित असतो. यात संस्थेचा कोतेपणा नाही. जेवणारा मनुष्य अर्ध्या तासात उठतो. राहणारा रात्रभर असतो, त्याच्या शेजारी दुसरी कुटुंबे असतात, आणि उद्या काही घडले तर पोलीस खाते विचारणा करते. म्हणून अन्नास नाव लागत नाही, आसऱ्यास लागते. हा भेद नीट ध्यानात ठेवावा. पुढील सारा प्रश्न त्याभोवतीच फिरतो.

रोजच्या रोज चालणारी अशी संस्था आणि संकटाच्या वेळी उसळणारी मदत यांतील अंतर लातूरने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक झोपी गेलेले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या भिंतींखाली दबून मेली. देशभरातून धार्मिक व सामाजिक संस्था धावल्या, अन्नाची पाकिटे आली, कपडे आले, आणि मदतीस येणाऱ्यांबरोबर नुसते पाहावयास येणाऱ्यांचीही गर्दी झाली. या गर्दीत ज्यांनी दूरचा विचार केला, त्यांचे काम टिकले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मुले मुख्यतः जैन नव्हती. दुसरीकडे ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे अवाढव्य काम शासनास, जागतिक बँकेच्या साह्याने आणि अनेक संस्थांच्या सहभागाने, कित्येक वर्षे करावे लागले. पहिल्या दिवसाची पोळी कोणीही देऊ शकतो. परंतु घराखालची जमीन, तिचा सातबारा आणि पाण्याची सोय ही केवळ दानातून निघत नाहीत, हा लातूरचा धडा.

नांदेडच्या संस्थेची खरी कसोटी लागली ती २०२० साली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आगगाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. त्या वेळी पंजाब, हरियाणा, दिल्ली येथून आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात होते. चार दिवसांच्या बेताने घरून निघालेली ही माणसे एका महिन्याची पाहुणी झाली. त्यांत वृद्ध होते, मुले होती, औषधांची गरज असलेले होते, आणि पिकलेला गहू शेतात टाकून आलेले शेतकरीही होते. तथापि त्यांतील कोणावरही उपाशी राहण्याची पाळी आली नाही. एखाद्या नगराने पूर्वसूचनेवाचून चार हजार माणसांस महिनाभर जेवू घालून झोपावयास जागा द्यावी, हे शासकीय आदेशाने सहजासहजी घडले नसते. ते घडले, कारण चूल आधीपासून पेटलेली होती, हात सरावलेले होते आणि सराया बांधून तयार होत्या.

परंतु तिसरी चिंता उरलीच. घरी जावयाचे कसे? गुरुद्वाऱ्याजवळ अन्न होते, खोल्या होत्या, कदाचित गाड्या भाड्याने घेण्याइतके द्रव्यही होते. नव्हता तो एक कागद. एका राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्यात जाण्याची परवानगी केवळ शासन देऊ शकत होते. ती एप्रिलच्या अखेरीस मिळाली. पंजाब सरकारने सुमारे ८० बसगाड्या धाडल्या, आणि सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून यात्रेकरू स्वगृही पोचले.

कथा येथे संपती तर ती गोड झाली असती. परतलेल्या यात्रेकरूंची पंजाबात तपासणी होताच त्यांतील हजाराहून अधिक लोकांस कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. इकडे मेच्या आरंभी नांदेडातील लंगर साहिबचे सेवादारही बाधित निघाले आणि तो परिसर बंद करावा लागला. रोग कोठे जडला, नांदेडात की वाटेत, यावरून दोन राज्यांत आरोप-प्रत्यारोप झाले. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे की, एका रांगेत खांद्यास खांदा लावून बसणे हा पंगतीचा जो परम गुण, तोच साथीच्या दिवसांत धोका ठरला. सव्वाशे वर्षांपूर्वी रमाबाईंच्या मुली प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्याबाहेर नेल्या गेल्या, तोच पेच येथे नव्या रूपाने उभा राहिला. दया ही माणसांस जवळ आणते आणि साथ त्यांस दूर ठेवू पाहते. अशा वेळी तपासणी, विलगीकरण, औषधोपचार ही कामे सेवाभावाच्या जोडीला आरोग्यखात्याने वेळीच हाती घ्यावयास हवी असतात. सेवादाराजवळ प्रेम असते, प्रयोगशाळा नसते.

आणि ज्यांच्यासाठी कोणत्याही सरकारने बस धाडली नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच लोहमार्गाने दिले. ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे आणि भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली चिरडून मरण पावले. ते मध्यप्रदेशात आपल्या घरी जाऊ पाहत होते. रुळांवर त्यांच्या शिदोरीतील पोळ्या विखुरलेल्या होत्या. ज्या मार्गावरून सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशांस प्रसाद पोचतो, तोच हा मार्ग. त्या सोळा जणांजवळ अन्न होते. नव्हता तो आसरा, आणि नव्हती ती वाट. पहिली चिंता मिटली म्हणजे सर्व काही झाले असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट कधीही विसरू नये.

त्याच दिवसांत नागपूर-हैदराबाद महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे, नांदेडच्या लंगर साहिबशी संबंध असलेला एक लहानसा लंगर चालू होता. आसपास पुष्कळ अंतरापर्यंत उपाहारगृहे बंद. ऐंशीच्या घरातील एका वृद्ध सेवकाने आणि त्याच्या मूठभर सहकाऱ्यांनी पत्र्याच्या छपराखाली हजारो पायी मजुरांस व मोटारचालकांस अन्न दिले. एखाद्या मोठ्या संस्थेची शाखा म्हणजे टोलेजंग इमारतच असली पाहिजे असे नाही. ज्या ठिकाणी वाटसरू दमतो, त्या ठिकाणी असणे हेच तिचे मुख्य लक्षण.

धर्मस्थान आणि शासन यांतील हा संबंध जगात अन्यत्र किती ताणला जाऊ शकतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर एल पासो नावाचे शहर आहे. तेथे १९७८ साली कॅथलिक पंथीयांनी स्थापन केलेले अनन्सिएशन हाउस हे आश्रयस्थान सीमा ओलांडून आलेल्या गरिबांस अन्न व निवारा देत आले आहे. २०२४ साली टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्याने या संस्थेकडे तिच्या आश्रितांसंबंधीची कागदपत्रे मागितली, आणि ती संस्थाच बंद करावी म्हणून न्यायालयात धाव घेतली. आश्रितांची नावे शासनास द्यावीत काय, हा तेथे कलहाचा विषय झाला. सीमा राखणे हा राज्याचा अधिकार आहे, हे खरे. भुकेल्यास दार उघडणे हे भक्ताचे कर्तव्य आहे, हेही तितकेच खरे. नांदेडची सीमा दोन देशांमधील नसून एकाच देशातील राज्यांमधील आहे, आणि येथे येणारा प्रत्येक मनुष्य आपलाच नागरिक आहे. ज्या पेचाने एल पासोस ग्रासले, त्यातून आपण मुक्त आहोत. मग त्या सुदैवाचा लाभ आपण किती घेतला, हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

नोंदवही दोन प्रकारची असते. एकीत नाव लिहिले जाते ते मनुष्यास पकडण्यासाठी. दुसरीत लिहिले जाते ते त्यास काही देण्यासाठी. परराज्यांत कामास जाणाऱ्या मजुरांची नोंद व्हावी म्हणून १९७९ साली आपल्याकडे कायदा झाला होता. परंतु २०२० साली रस्त्यावर चालणाऱ्या माणसांची गणती कोणाच्याही दप्तरी धड सापडली नाही. त्यानंतर २०२१ साली असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम ही योजना आली, आणि एका गावचे धान्यपत्र दुसऱ्या गावी चालावे अशी सोयही देशभर झाली. ही दिशा योग्य आहे. मुखेडचा मजूर हैदराबादेत आणि ओडिशाचा मजूर नांदेडात आपल्या हक्काचे धान्य उचलू शकला, तर त्यास पोटासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. आणि तो लंगरात गेलाच, तर निरुपायाने नव्हे, आनंदाने जाईल.

येणेप्रमाणे पाहता धर्मस्थानाचे काम आणि शासनाचे काम ही परस्परांची जागा घेणारी नाहीत. न विचारता देणे हे धर्मस्थानास शोभते. विचारून, लिहून, न चुकता देणे हे शासनाचे काम आहे. लंगर चालू आहे म्हणून मजुरांची निवासगृहे बांधावयास नकोत, असे जर नगरपालिका म्हणू लागली, तर ती सेवादारांच्या श्रमाची थट्टा होईल. आणि सरकार आहे म्हणून चुलीची गरज नाही असे जर भक्त म्हणू लागले, तर पहिल्या रात्री स्थानकावर उतरलेला मनुष्य उपाशी निजेल. कारण शासनाची नोंदवही सकाळी दहा वाजता उघडते. भूक मात्र वेळ पाहून लागत नाही.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांचा यात वाटा कोणता? द्रव्य देणे सोपे आहे आणि ते द्यावे. परंतु नांदेडची पंगत ज्या गोष्टीवर उभी आहे, ती द्रव्याहून निराळी आहे. ती म्हणजे वेळ आणि अंगमेहनत. आपल्या नव्या इमारतीच्या पायाशी राहणारी मजुरांची कुटुंबे, दवाखान्याच्या ओट्यावर रात्र काढणारे रोग्यांचे सोबती, शिकवण्यांसाठी लातूर-नांदेडास एकटी राहणारी खेड्यांतील मुले, हे सर्व आपल्या दाराशी उतरलेले वाटसरूच आहेत. त्यांतील एखाद्यास धान्यपत्राचा अर्ज भरून देणे, सरकारी दवाखान्याची वाट दाखविणे, त्याच्या मुलाचे नाव जवळच्या शाळेत घालणे, हीदेखील सेवाच होय. पोळी लाटावयास जसे हात लागतात, तसेच अर्ज भरावयासही लागतात. आणि लिहितावाचता येणाऱ्या घरांत अशा हातांची वाण नाही.